विचार करणारी गाडी

गाडी चालू होत नाही, असं आमच्या घरमालक काकांसमोर म्हणायची सोय नव्हती. "ती विचार करता," असं म्हणायचं. पावसाळ्यात मये गावातल्या त्या उतरणीवर सकाळी सेल्फची घरघर सुरू झाली की आजूबाजूच्या घरांना कळायचं, गाडी विचाराला बसली. मग कोणी दात घासता घासता, कोणी हातातला चहा पायरीवर ठेवून, डोक्यावर प्लास्टिक ओढत बाहेर यायचं. कारण विचार फार लांबला की धक्का द्यावा लागायचा, आणि धक्का देणं हा त्या वाड्यावर पावसाळी शेजारधर्मच होता.

गाडी कुठल्या कंपनीची, असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, आता कुठल्याच नाही. दारं एकीची, सीट दुसरीची, स्टिअरिंग तिसरीचं, मूळ अंगातलं फारसं काही उरलंच नव्हतं. रंग कधीकाळी पिस्त्यासारखा असावा. मुरगावच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त होताना तिथल्याच एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. बंदरातून माणूस घड्याळ आणतो, भिंतीवर लावायला बोटीचं चित्र आणतो. यांनी ही आणली.

मला खोली मिळाली तीसुद्धा गाडीमुळेच. मी मूळची बांद्याची. डिचोलीत एका औषधांच्या दुकानात नोकरी लागली आणि कोणीतरी सांगितलं की मयेला तळ्याच्या अंगाला एक म्हातारं जोडपं खोली देतं. मी गेले. एकटी मुलगी खोली मागायला आली की लोक जे विचारतात त्यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. बाप काय करतो, एवढंच काकांनी विचारलं. टेंपो चालवतात म्हटलं, तर पुढचा प्रश्न आला, "डिझेल मां?" मी हो म्हणताच चेहरा पडला. डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे त्यात दुखणंही नसतं, असं त्यांचं मत. मग मी सांगितलं की टेंपोच्या आधी बाबांकडे पेट्रोलवरची एक खटारा जीप होती आणि तिच्या बॉनेटवर बसूनच मी मोठी झाले. तेव्हा ते उठले आणि खोलीची किल्ली घेऊन आले.

उंच, कमरेत किंचित वाकलेले, आणि बारा महिने अंगात बंदरातलं निळं जाकीट. क्रेनच्या खोलीत उंचावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलण्यापेक्षा हातांवर भर. खाली उभा असलेला माणूस हाताच्या खुणा करतो आणि वरचा त्यावर क्रेन हलवतो, ही तिथली रीत. ती त्यांनी घरात आणली होती. ओसरीवर बसून ते अंगठा वर करत आणि बोट गोल फिरवत, की काकी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत. तळवा जमिनीकडे करून हळूहळू खाली नेला की त्याचा अर्थ, रेडिओ बारीक कर. दोन्ही हात बाजूला पसरले की बस, पोट भरलं. काकीही तशाच उत्तर देत. दोघांचं भांडणसुद्धा मी खुणांनीच झालेलं पाहिलंय. त्यात काकींची मूठ वर गेली. ती खूण 'आहे तिथे थांब' अशी. काका थांबले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकावंच लागे. "यंत्र कधी फट मारना, बाय. फटी मारता तो माणूस." फट म्हणजे खोटं. क्रेनचा दोर कुरकुरला तर तो खरंच कुरकुरतो, उगाच नाही. माणूस मात्र 'बरां आसा' म्हणतो आणि आतून तुटलेला असतो. हे वाक्य बोलून ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की मी रोज दुकानात खोटी औषधं विकत असावी.

आणि गंमत अशी की हा माणूस स्वतः दिवसभर थापा मारायचा.

हे माझ्या लक्षात आलं ते पाववाल्यामुळे. सकाळी भोंपू वाजवत पोदेर सायकलवरून यायचा. काकी उंडे घ्यायच्या. थोड्या वेळाने तोच पोदेर वरच्या वाड्यावरून परत उतरायचा आणि काकी पुन्हा उंडे घ्यायच्या. त्याने एकदा विचारलं, इतके पाव कशाला? तर काका ओसरीवरून म्हणाले, माझे आहेत, मला आताशा भात पचत नाही. आणि त्यानंतर मी बघते तर हा माणूस सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री वालीच्या भाजीतही पाव बुडवून खातोय. जन्मभर भातावर वाढलेला गोंयकार! मला हसू यायचं. म्हातारपणी माणसाला खुळ लागतं म्हणतात, ते हेच असावं, असं मी बांद्याला फोनवर आईला सांगितलंसुद्धा.

औषधांचंही तसंच. मी औषधांच्या दुकानात कामाला, घरात राहणारी. पण काका काकींची औषधं आणायला म्हापशाला जायचे. मी म्हटलं, मला सांगा की, येताना आणत जाईन. म्हणाले, म्हापशाचं दुकान जुन्या ओळखीतलं आहे. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक.

पण सगळ्यात जास्त थापा ते मारायचे त्या गाडीबद्दल. गाडी का चालू होत नाही याचं रोज नवं कारण. सोमवारी पेट्रोलमध्ये पाणी आलेलं असायचं, मंगळवारी चोकची तार ढिली, बुधवारी बॅटरीच्या टोकांना बुरशी. शेजारी एक ट्रकवाला होता. खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक अंगणात उभा होता आणि त्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. हाताला काम नसलेल्या त्या माणसाला काकांची गाडी म्हणजे पर्वणी. त्याचं निदान एकच आणि पक्कं, कॉइल गेली. पोदेराचं म्हणणं, वाड्याची राखण करणाऱ्या देवचाराला कधीची रोटी दिलेली नाही, त्याची हद्द ओलांडून गाडी जाते, तो कसा जाऊ देईल? काका दोघांचंही मन लावून ऐकत, मान हलवत. 'तसांय आसात,' म्हणत. कोणाला नाही म्हणून नाहीच.

आणि या सगळ्यात काकी पुढच्या सीटवर बसलेल्या असायच्या. अंबाड्यावर अबोलीची फाती माळलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. धक्का मारणाऱ्यांकडे बघत नसत, समोरच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत. गाडीने एकदाचा हुंकार दिला की लोक बाजूला होत, काका खिडकीतून तळवा हलवत आणि दोघं तळ्याच्या दिशेने निघून जात.

इतक्या पावसात हे दोघे रोज जातात कुठे, हा माझा दुसरा प्रश्न. काका म्हणायचे, फेरफटका. डॉक्टरने हवा खायला सांगितलीय. आषाढातली हवा!

आता माझ्या स्वभावात एक खोड आहे. यंत्र बिघडलं आणि लोक त्यावर नुसते गप्पा मारत बसले, तर माझे हात शिवशिवतात. ही खोड बाबांची. ते म्हणायचे, गाडी बंद पडली तर आधी तिने काय बंद ठेवलं नाहीये ते बघ. त्या हिशेबाने मी खोलीच्या खिडकीतूनच मनात जुळवत गेले. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. धक्का देताना पेट्रोलचा वास येतो, म्हणजे पेट्रोल पोचतंय. राहिला स्पार्क. आणि पावसात स्पार्क मारते ती ओल. इंजिनात एक काळी टोपी असते, ती करंट चारी प्लगना वाटून देते. तिच्यात ओल शिरली की करंट वाटेतच सांडतो. अगदी साधं दुखणं. बाबांची जीपही तेच करायची.

इथवर ठीक होतं. पुढे मात्र गणित अडायचं. कारण हीच गाडी एकदा मी डिचोलीच्या बाजारात पाहिली होती. धो धो पाऊस, गाडी उघड्यावर, वरून आणि खालून पाण्यात. काका काकींना घेऊन आले, बसले, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात निघून गेली. म्हणजे बाहेर भिजून तिला काही होत नव्हतं. घरी छपराखाली रात्र काढली की मात्र तिला ओल धरायची. उघड्यावर कोरडी आणि घरात ओली, हे कुठल्या गाडीचं दुखणं?

घरात ती उभी असायची जुन्या गोठ्यात. गुरं विकून बरीच वर्षं झाली होती, पण दावणीचा खुंटा तसाच होता आणि गाडी त्याला नाक टेकवून उभी. छप्पर धड होतं, मी स्वतः बघितलं होतं, कुठे गळत नव्हतं. रात्री काका बॉनेट वर करून ठेवत. पावसाळ्यात यंत्र कोंडून ठेवू नये, त्याला वारा लागला पाहिजे, अशी त्यांची बंदरातली समजूत.

श्रावण लागायच्या आधी चार दिवस पाऊस असा कोसळला की तळं रस्त्यावर आलं. त्यातल्या एका सकाळी धक्काही चालेना. उतरणीवर नुसता चिखल, माणसांचे पाय सरकत होते. ट्रकवाला म्हणाला, राहू दे आज, एक दिवस नाही गेलात तर काय बिघडतं? काकांनी पुन्हा किल्ली फिरवली. मी छत्री घेऊन निघाले होते दुकानात जायला. जाताना सहज काचेतून आत बघितलं, तर काकी रडत होत्या. आवाज नव्हता. लहान मूल न्यायला कोणी येत नाही म्हणून शाळेच्या दारात रडतं, तशा. काका त्यांच्याकडे बघून हाताने 'हळू, हळू' अशी खूण करत होते. पण त्या खुणा आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या.

माझ्याच्याने बघवेना. छत्री ट्रकवाल्याच्या हातात दिली, बॉनेट उघडलं, त्या काळ्या टोपीच्या दोन चिमट्या काढल्या आणि टोपी उलटी केली. आत पाणी. ओल नव्हे, चक्क थेंब. आणि चिमटीत अडकलेला एक धागा. भिजलेला, तपकिरी, जाडा. गोणपाटाचा. त्याला गुरांच्या पेंढ्यासारखा वास होता.

"काका," मी म्हटलं, "हो गोणपाटाचो धागो. इंजिनावर गोणपाट कोण घालता?"

मी इतक्या दिवसांत त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. पुढे आले, माझ्या हातातून टोपी घेतली आणि म्हणाले, "उंदीर. उंदरांनी घर केलांहा. तू दुकानात जा." ट्रकवाला आणि पोदेर एकमेकांकडे बघायला लागले. मला राग आला. पण काकी रडत होत्या, म्हणून मी ओढणीच्या टोकाने टोपी आतून पुसली, चुलीजवळ नेऊन ऊब दिली, परत बसवली. गाडी चालू झाली. ते दोघे गेले. मी दिवसभर दुकानात तोंड फुगवून बसले. उंदीर म्हणे.

त्या संध्याकाळी डिचोलीत वीज गेली आणि मालकांनी दुकान लवकर बंद केलं. मी दिवेलागणीला घरी पोचले. पाऊस चालूच. फाटकातून आत शिरते तर काकी घरातून निघाल्या होत्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली होती, जुन्या बायका शेतात जाताना घेतात तशी. अंगण ओलांडून, वाटेवरच्या डबक्यात न बघता पाय टाकत, त्या सरळ गोठ्याकडे गेल्या. आणि त्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून, काका. हातात छत्री, पण मिटलेली. उघडली असती तर आवाज झाला असता.

काकी गाडीपाशी थांबल्या. डोक्यावरचं गोणपाट काढलं. त्यातून पाणी निथळत होतं. वर केलेल्या बॉनेटच्या आत वाकून त्यांनी ते इंजिनावर पसरलं, कडा नीट आत खोचल्या. मग इंजिनावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "नीज आता. थंडी नाय लागाची."

परत जाताना त्या माझ्या अंगावरूनच गेल्या आणि ओळखीचं हसल्या. कोण म्हणून हसल्या ते देवाला ठाऊक.

काका गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. मी पण बसले. ते खुंट्याकडे बघत होते. मग बोलायला लागले, एकदम आणि न थांबता. काकींचं विसरणं आता आतपर्यंत गेलंय. पाव घेतले हे विसरतात, जेवण झालं हे विसरतात, नवऱ्याचं नाव कधी असतं कधी नसतं. औषधांची नावं वाचून मला कळलं असतं, म्हणून म्हापसा. ते बंदरात आणि त्या इथे एकट्या होत्या तेव्हा गोठ्यात एक पाडी होती, पावसाळ्यात जन्मलेली, अशक्त. रोज संध्याकाळी काकी तिच्या अंगावर गोणपाट घालून यायच्या. ती पाडी जगली, गाय झाली, म्हातारी होऊन गेली. सगळं पुसलं गेलं तरी तेवढं राहिलंय. पाऊस पडला की पाडीला थंडी वाजते.

मी म्हटलं, मग बॉनेट बंद ठेवा. म्हणाले, ठेवलं होतं. काकी भर पावसात पत्र्यावर मुठी मारत उभ्या राहिल्या, पाडीला कोणी कोंडलं म्हणून. कोरडं गोणपाट आतच ठेवा. ठेवलं होतं, त्या डोक्यावर नेतात तेच घालतात. त्या टोपीला प्लास्टिक बांधा. तेही झालं, काकींनी सोडून टाकलं, श्वास कोंडेल म्हणून. त्या झोपल्यावर काढून घेतलं, तर खिडकीतून बघतात आणि दिसलं नाही की जाग्या बसून राहतात. म्हणून काका उजाडता उजाडता उठून गोणपाट काढतात, लपवतात, इंजिन पुसतात. पण हाताला कंप आलाय, त्या टोपीच्या चिमट्या आता बोटांना निघत नाहीत.

सकाळची फेरीही फेरी नव्हती. काकींचं माहेर चोपड्याचं, शापोरा नदीच्या पलीकडच्या काठावर. सकाळी उठल्या की त्यांना चोपड्याला जायचं असतं, आई वाट बघतेय म्हणून. नेलं नाही तर दिवसभर दाराला हात लावत फिरतात. म्हणून काका त्यांना गाडीत घालतात, चोपड्याला जाऊ म्हणतात, तळ्याला वळसा घालतात आणि परत याच अंगणात आणून उतरवतात. काकी पिशवी घेऊन खाली उतरतात आणि आपण आलो म्हणून खूश होतात. मग दिवस शांत जातो.

"लोकांक सांगा काका," मी म्हटलं. "ते काय वायट नाय."

"वायट नाय," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी येवन तिका विचारतले, पाडी बरी मां? हसतले थोडे. प्रेमानच हसतले. पण तिका कळतलां. तिच्याकडे आता एकच काम उरलां आसा, बाय. त्या कामाक हसलेलां माका नको."

मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. इतके दिवस ज्याला थापाड्या म्हणत होते, तो माणूस बायकोचं एकेक विसरणं उचलून स्वतःच्या आणि त्या खटाऱ्याच्या नावावर लावत होता. पाव त्याला आवडतात. औषधं ओळखीच्या दुकानातून येतात. गाडी विचार करते.

दुसऱ्या दिवसापासून टोपीचं काम माझं. उजाडताना मी उठायचे, चिमट्या काढून टोपी पुसायचे, चुलीपाशी धरायचे. तरी ओल हट्टी, वायरींतही शिरलेली. बऱ्याचदा धक्का लागायचाच. मग बॉनेटभोवती माणसं जमली की काका मला विचारत, "काय दिसता गे?" आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, कार्बुरेटर. किंवा चोक. किंवा हवा. बाबांची मुलगी, आणि असली निदानं! पण मला त्याची कधी लाज वाटली नाही. माझं एखादं निदान जास्तच पोकळ झालं की काका दुसरीकडे बघत मिशीत हसायचे.

ट्रकवाल्याला मात्र माझी निदानं पटायची नाहीत. शेवटी त्याने एक दिवस स्वतःच्या ओळखीने भंगारातल्या एका गाडीची कॉइल मिळवली आणि वाजत गाजत येऊन बसवून दिली. काकांनी त्याला चहा दिला, दोन्ही हातांनी नमस्कार केला. दुसऱ्या सकाळी गाडी चालू झाली नाही. ट्रकवाला हिरमुसला. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कॉइल उत्तम आहे, पण नवी आहे ना, तीसुद्धा अजून विचार करतेय.

काकी गेल्या त्या माघात. पाऊस नव्हता, अंगणात ऊन होतं. थोडा ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. शेवटच्या दिवशी त्या डोळे मिटून होत्या. काकांनी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा त्यांनी मूठ किंचित वर केली. 'आहे तिथे थांब' अशीच ती खूण होती, की नुसतीच बोटं वळली, ते मला सांगता येणार नाही.

गाडी गोठ्यातच राहिली. काका मधून मधून ती चालू करून बघत, पण बाहेर काढत नसत. पोदेर आता एकदाच यायचा आणि एकच उंडा द्यायचा. काका पुन्हा भातावर आले होते.

पुढच्या आषाढात एका सकाळी ते निळं जाकीट घालून तयार झाले. म्हणाले, चोपड्याला जाऊन येतो. इतकी वर्षं रोज चोपड्याला म्हणून निघालो आणि तळ्यावरून मागे फिरलो. काकींच्या भावाचं घर आहे, भेटून येतो. बाहेर पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. सेल्फच्या घरघरीची वाट न बघताच माणसं गोळा झाली, ट्रकवाला, पोदेर, मी. सवयीने सगळ्यांनी मागच्या पत्र्यावर हात टेकले, चिखलात पाय रोवले.

काकांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

आमचे हात तसेच पत्र्यावर. ट्रकवाला आनंदाने म्हणाला, "पळयलास? कॉइल. मी काय म्हणत होतंय?" पोदेरानेही मान डोलावली. इंजिन कसं गोड चाललं होतं, एकही ठोका चुकत नव्हता. मी पुढे खिडकीपाशी गेले. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत होते.

"यंत्र फट मारना, बाय," ते म्हणाले. मग त्यांनी किल्ली मागे फिरवली, उतरले आणि घरात गेले. त्या दिवशी चोपड्याला जाणं झालं नाही.

दुसऱ्या सकाळी मी अजून वेणी घालत होते तोच बाहेर घरघर सुरू झाली. ओळखीची, लांबलचक, अडखळणारी. खिडकीतून बघितलं तर काका पुन्हा जाकीट घालून गाडीत बसले होते आणि गाडी काही केल्या ऐकत नव्हती. माणसं जमली. ट्रकवाला तर गोंधळूनच गेला. काल तर चालू झाली होती, आज काय झालं? तो माझ्याकडे बघायला लागला, पोदेर बघायला लागला. मी बॉनेट उघडलं. चिमट्या काढून टोपी उलटी केली. आत थेंब होते. चिमटीत एक ओला, तपकिरी धागा होता.

काचेपलीकडून काका माझ्याकडे बघत होते. चोरी पकडलेल्या मुलासारखे नाही. फक्त बघत होते.

मी धागा काढून मुठीत धरला, टोपी ओढणीने पुसून जागेवर बसवली आणि बॉनेट बंद केलं.

"काय झालां गो?" ट्रकवाल्याने विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "विचार करता. धक्को मारूया."

सगळ्यांनी खांदे लावले. उतरणीच्या मध्यावर गाडीने हुंकार दिला आणि काकांनी खिडकीतून तळवा हलवला. ती पुढे सरकताना मला बाजूच्या सीटवर दिसलं, निथळणारं गोणपाट नीट घडी करून ठेवलं होतं. त्या दिवशी गाडी तळ्याला वळसा घालून परत आली नाही. शिवोलीचा पूल ओलांडून ती चोपड्याला गेली.